आवाज उसना म्हणून मार्क कापले?

रविवारी आईला घेऊन ‘माय फेअर लेडी’ परत बघितला. जवळजवळ तीन तासांचा पिक्चर आहे पण आई एकदाही उठली नाही, कारण तिने भक्ती बर्वेंची ‘ती फुलराणी’ थिएटरात बघितलीये आणि दर दहा मिनिटांनी “पुलंनी इथे काय केलं होतं माहितीये का” सुरू. दोन्हीचं मूळ एकच ना, बर्नार्ड शॉचं नाटक ‘पिग्मॅलियन’.

संपल्यावर मी तिला १९६५ च्या ऑस्करची गंमत सांगितली. १२ नॉमिनेशन्स, त्यातली ८ जिंकली, बेस्ट पिक्चर, डायरेक्टर जॉर्ज क्यूकर, हीरो रेक्स हॅरिसन, कपडे, साउंड, काय काय. आणि जिच्यावर अख्खा पिक्चर उभा ती ऑड्री हेपबर्न? तिला नॉमिनेशनसुद्धा नाही! कारण काय, तर गाणी तिने गायली नव्हती, मार्नी निक्सनने गायली होती, असं म्हणतात.

आई म्हणाली, “मग? वहिदा तरी कुठे गाते?”

आता यावर काय बोलणार. ‘गाइड’साठी वहिदाला फिल्मफेअर मिळालं तेव्हा ‘आज फिर जीने की तमन्ना है’ लताबाईंनी गायलंय म्हणून कोणी तिचे मार्क कापले नाहीत. आपल्याकडे ते गृहीतच असतं.

त्यात ज्युली अँड्र्यूजची भानगड. ब्रॉडवेवर, म्हणजे न्यूयॉर्कच्या स्टेजवर, हीच हिरॉइन एलायझा तिने गाजवलेली, पण स्टुडिओवाल्या जॅक वॉर्नरला मोठं नाव हवं होतं म्हणून १० लाख डॉलर देऊन ऑड्रीला घेतलं. ज्युलीने मग ‘मेरी पॉपिन्स’ केला आणि त्याच वर्षी बेस्ट अॅक्ट्रेस घेऊन गेली. माझं मत, शिव्या घाला हवं तर, तिला ते ऑस्कर मेरी पॉपिन्ससाठी कमी आणि हुकलेल्या एलायझासाठी जास्त मिळालं. गोल्डन ग्लोब घेताना तर तिने वॉर्नरचेच आभार मानले, तुमच्यामुळे हे शक्य झालं म्हणून. चिमटा काढावा तर असा.

पण मला खरी चीड येते ती वेगळ्याच गोष्टीची. हॅरिसन गाणी अर्धी बोलत बोलतच म्हणतो, आधी रेकॉर्ड केलेल्या ट्रॅकवर ओठ हलवायला तो तयार नव्हता, तर त्याच्या टायमध्ये वायरलेस माइक लपवला आणि गाणी सेटवरच लाइव्ह घेतली. म्हणजे हीरोला जमेना तर यंत्रणा बदलली, हिरॉइनला जमेना तर आवाजच बदलला! आणि ऑड्रीने बिचारीने मेहनत करून गाणी रेकॉर्ड केली होती हो. ‘जस्ट यू वेट’मध्ये तिचा स्वतःचा आवाज थोडा ठेवलाय, हेडफोन लावून ऐका, सुरुवातीला खरखरीत, चिडलेला, दात खाऊन म्हटल्यासारखा, आणि मधेच राजाचं स्वप्न सुरू झालं की एकदम साजूक तूप. ते तूप म्हणजे मार्नी. मला विचाराल तर खरखरीतच चांगलंय, फुलं विकणारी पोरगी आहे ती. हीच जागा म्हणजे आपलं ‘तुला शिकवीन चांगलाच धडा’. आईने ते लगेच हातवारे करून म्हणूनही दाखवलं, निम्मं विसरलीये पण ठसका तोच. भक्तीबाई ते रोजच्या प्रयोगाला स्टेजवर उभ्या राहून करायच्या.

आणि मार्नीचं काय? टायटल्समध्ये नावच नाही. ‘वेस्ट साइड स्टोरी’त नॅटली वुड, ‘द किंग अँड आय’मध्ये डेबोरा कर, दोघींसाठी हीच गायली. आपल्याकडे निदान लताबाई भांडल्या आणि १९५९ पासून फिल्मफेअरने गायकांना अवॉर्ड सुरू केलं, हिच्यासाठी भांडायला कोण होतं?

‘साउंड ऑफ म्युझिक’ (१९६५ चा, पुढच्या वर्षीचं बेस्ट पिक्चर) मध्ये मात्र ती चक्क पडद्यावर आहे. मारियाबद्दल नन्स गातात ना, त्यातली सिस्टर सोफिया. मी आईला लगेच तो सीन लावून दाखवला.

“कुठली? ही?” चष्मा वर करत आई म्हणाली, “थांब, मागे घे जरा.”