बुढी एकटीच नाही म्हणत होती

दोन दिवसांपासून डोक्यात हेच चालू आहे, म्हटलं लिहून टाकतो. लांबलं तर सांभाळून घ्या.

आमच्या ग्रामसभेचं तुम्हाला माहीतच आहे. कोरमला, म्हणजे सभा भरायला, १५ टक्के नाहीतर १०० मतदार लागतात, तेवढे काही जमत नाहीत, मग सभा तहकूब, आणि तहकूब सभेला कोरमची अटच नाही, म्हणजे दहा-बारा जण बसून अख्ख्या गावाचं ठरवून मोकळे. २६ जानेवारीला मात्र गर्दी होती कारण विषय होता गावाच्या एन्ट्रीला कमान बांधायचा. हात वर करा म्हटलं तर माझा पहिला. तेवढ्यात मागून एक बुढी उठली, खालच्या आळीतली, म्हणे "कमान कायले पाह्यजे बापू, आधी नाली काढा, दरसाल पानी माह्या घरात घुसते." कोणीतरी ओरडलं, "बुढे, बस न चूप, तुले काय समजते." सगळे हसले. मीही हसलो, खोटं कशाला बोलू.

जुलैत तीन दिवस झड लागली. कमानीसाठी रस्त्याला भराव टाकला होता, त्यानं पाणी अडलं आणि खालच्या आळीतून थेट आमच्या अंगणात. युरियाच्या तीन बॅगा विरघळल्या. बुढीच्या घरात किती गेलं ते पाहायला मी तेव्हा गेलोही नाही, मी आपला बॅगा मोजत होतो.

आपल्याच विदर्भात धानोरा तालुक्यात मेंढा नावाचं गाव आहे, मेंढा-लेखा म्हणतात ते. तिथं हात मोजत नाहीत. सगळ्यांचं जुळेपर्यंत निर्णयच नाही, एकानं जरी नाही म्हटलं तरी विषय पुढच्या बैठकीला, आणि मधे अभ्यास गटात बसून बोलायचं. आमचे पोट्टे म्हणतात असं केलं तर कामच होणार नाही. अरे झालं ना बावा! २००९ मधे १८०० हेक्टरच्या आसपास जंगलाचा सामूहिक हक्क घेतला त्यांनी, २०११ पासून स्वतःच्या वाहतूक पासवर स्वतःचा बांबू विकला, २०१३ मधे तर ग्रामदान करून आपापली जमीन गावाच्या नावावर केली. आपण इथं शेताच्या वीतभर धुऱ्यासाठी, बांधासाठी डोकी फोडतो.

आता नाही म्हणणारा दरवेळी बरोबरच असतो असंही नाही. आमच्याकडे एक जण हनुमान मंदिराच्या कलरलाही आडवा येतो. पण त्याला कोणी कधी विचारलं का, काहून रे बावा? आपण डायरेक्ट शिक्का मारतो, हा विरोधी पार्टीचा. घरीही तेच आहे, सोयाबीन ठेवायचं का विकायचं हे बाबा आणि मी ठरवतो, आई मधे बोलली की तू सैपाक पाह्य. आणि मागच्या साली ठेव म्हणत होती तीच, आम्ही विकलं. महिला सभा ग्रामसभेच्या आधी घ्यायची असं कायद्यातच आहे, आमच्याकडे ती रजिस्टरवर होते, सह्या घरोघरी.

परवा १५ ऑगस्टची सभा होती. सकाळीच बुढीच्या घरी गेलो, म्हटलं मावशी चला, नालीचा विषय घेतो, तुम्ही बोला. भिंतीला ओल तशीच होती, कंबरेएवढी. बुढीनं डोक्याले फडकं गुंडाळलं, खुरपं घेतलं.

"मले निंदाले जाचं हाय. तुले दिसलं नं आता पानी, तूच बोल."