अर्थिंगची पिन काढू नका: पेडलवाल्या फॉरवर्डला उत्तर

‘मुलं घरात गिटारची पेडल बनवतात? पालकांनो, वेळीच सावध व्हा’ असा एक लांबलचक मेसेज सध्या फिरतोय. (पेडल म्हणजे गिटार आणि अँप, म्हणजे अँप्लिफायर, यांच्यामध्ये जोडायची, पायाने चालू-बंद करायची आणि गिटारचा आवाज बदलणारी डबी.) खाली सही ‘एक अनुभवी साउंड इंजिनिअर’, नाव नाही. मुद्दे पाच. घरगुती पेडलचा शॉक बसून जीव जातो. पेडलमुळे हमिंग (सततची गुणगुण) येत असेल तर अँपच्या प्लगची तिसरी, जाड पिन काढून टाकावी. सोल्डरिंगच्या धुरातून शिसं फुप्फुसात जातं. घरगुती पेडलने अँप जळतो. आणि जर्मेनियमचा, म्हणजे जुन्या जातीचा, ट्रान्झिस्टर मिळत नसेल तर फझ (आवाज फाटका, खरखरीत करणारं पेडल) बनवूच नये.

माझ्या ताईला हा तिच्या सोसायटीच्या ग्रुपवर आला. तिने तो मला पाठवला आणि पाठोपाठ फोन: ‘त्याचं ते सोल्डरिंग बंद करायला सांग, तुझंच ऐकतो तो.’ तो म्हणजे माझा भाचा. इंजिनिअरिंगला आहे, पुण्यात नारायण पेठेतल्या एका जुन्या वाड्यात खोली घेऊन राहतो आणि स्वतःची पेडलं स्वतः बनवतो. मी त्याच्याकडे गेले. सोल्डरिंग त्याने बंद केलं नव्हतं. पण मेसेज त्यालाही मिळाला होता आणि त्यातला दुसरा मुद्दा त्याने मनावर घेतला होता. अँपचा थ्री-पिन टॉप उघडून हिरवी वायर स्क्रूतून सोडवलेली, टोकाला काळी टेप गुंडाळून ती आत दुमडलेली, आणि झाकण परत घट्ट बसवलेलं. बाहेरून बघणाऱ्याला पत्ता लागला नसता. ‘मावशी, हमिंग खरंच गेलं गं,’ असं तो मला आनंदाने सांगत होता. तेव्हापासून माझं डोकं ठिकाणावर नाही.

पहिल्या मुद्द्याचा निकाल चटकन लागतो. गिटारचं साधं पेडल ९ व्होल्टवर चालतं. फझ फेस हे १९६६ सालचं गाजलेलं पेडल घ्या: दोन ट्रान्झिस्टर, चार रेझिस्टर, तीन कपॅसिटर, दोन पॉट (नॉबने फिरवायचे रेझिस्टर). एवढ्यात सर्किट संपलं. ते मोजके मिलिअँपिअर ओढतं. ९ व्होल्टच्या बॅटरीने कोरड्या हाताला काहीही होत नाही. पेडलच्या आत तुम्हाला मारू शकेल असं काही नसतंच.

तरी ‘तारांना हात लावला की झिणझिण्या येतात’ असं मुलं सांगतात, ते खरं आहे. त्याचं मूळ बहुतेक वेळा दोन पिनांच्या ॲडॉप्टरमध्ये असतं. त्यात आवाजाचा कचरा गाळायला मेन्सच्या, म्हणजे घरातल्या विजेच्या, बाजूकडून ९ व्होल्टच्या बाजूकडे एक छोटा कपॅसिटर टाकलेला असतो आणि त्यातून अगदी किरकोळ करंट पाझरतो. चांगल्या ॲडॉप्टरमध्ये तो कपॅसिटर खास सुरक्षित जातीचा असतो. बिननावाच्या स्वस्त ॲडॉप्टरमध्ये काय बसवलंय ते उघडल्याशिवाय कळत नाही. तेव्हा एवढं मान्य करते: पेडल हवं तर तपकीर गल्लीतल्या सुट्या पार्ट्समधून बनवा, पण ॲडॉप्टर बीआयएसची खूण असलेलाच घ्या, आणि तो घरी बनवायच्या भानगडीत पडू नका.

आता दुसरा मुद्दा. ज्या मेसेजची सुरुवातच ‘शॉक बसून जीव जातो’ अशी आहे, तोच मेसेज पुढच्या ओळीत शॉकपासून वाचवणारी एकुलती एक वायर काढायला सांगतो. हे लिहिणाऱ्याने कधी अँपचं मागचं झाकण उघडलं असेल यावर माझा विश्वास नाही.

ती जाड पिन काय करते ते बघा. अँपची धातूची चासी, म्हणजे आतला सांगाडा, त्या पिनेतून जमिनीला जोडलेली असते. आत कधी फेजची वायर सुटून चासीला टेकली, किंवा ट्रान्सफॉर्मरचं इन्सुलेशन जळलं, तर मोठा करंट अर्थिंगमधून जातो, फ्यूज उडतो किंवा एमसीबी पडतो आणि अँप मुकाट बंद होतो. पिन इतर दोन पिनांपेक्षा लांब असते ती याचसाठी: प्लग घालताना आधी अर्थिंग जोडलं जावं आणि काढताना शेवटी सुटावं.

पिन काढलेली असताना फेजची वायर अशी चासीला टेकली, तर फ्यूज उडायचं कारण उरत नाही. चासी २३० व्होल्टवर तशीच बसून राहते आणि अँप वाजतही राहतो. त्या चासीला गिटारच्या केबलची बाहेरची जाळी जोडलेली आहे. जाळीला पेडलचा ॲल्युमिनियमचा डबा. डब्यातून पुढच्या केबलची जाळी, तिथून गिटारचा जॅक, जॅकपासून ब्रिजखाली (तारा जिथे टेकतात ती धातूची पट्टी) गेलेली वायर, आणि ब्रिजवरून सहाच्या सहा तारा. पेडलला स्वतःचं अर्थिंग नसतं, ते अँपकडूनच येतं. म्हणजे २३० व्होल्ट थेट डाव्या हाताच्या बोटांखाली. असा मुलगा गाताना माइकला ओठ लावतो. माइक मिक्सरमार्फत जमिनीला जोडलेला असतो. बोटांपासून ओठांपर्यंतचा रस्ता छातीतून जातो.

हा भीती घालायला रचलेला प्रसंग नाही. ३ मे १९७२ रोजी वेल्समधल्या स्वान्झीला, स्टोन द क्रोज या स्कॉटिश बँडचा गिटारिस्ट लेस हार्वी याने मंचावर माइकला हात लावला आणि तो शॉकने गेला. वय २७. तिथे माइकच्या बाजूचं अर्थिंग नव्हतं, हा मेसेज गिटारच्या बाजूचं काढायला सांगतोय. कुठल्याही बाजूचं गेलं तरी मध्ये माणूसच असतो. यार्डबर्ड्सचा गायक कीथ रेल्फ १९७६ साली गेला तो तर स्वतःच्या घरात, अर्थिंग नीट नसलेली गिटार वाजवताना. दोघेही मोठमोठ्या कार्यक्रमांतले, तारा-वायरींत रोज वावरणारे लोक होते. वाड्यातल्या खोलीत एकट्या बसलेल्या पोराला कोण वाचवणार?

‘पण हमिंग जातं ना!’ जातं, हेही मला मान्य करावं लागतं, आणि म्हणूनच हा सल्ला इतका धोकादायक आहे. अँप एका भिंतीवरच्या सॉकेटला आणि मिक्सर दुसऱ्या भिंतीवरच्या, असं असलं की अर्थिंगचे दोन रस्ते तयार होतात, केबलच्या जाळीतून त्यांचं एक वेटोळं पुरं होतं आणि त्यात ५० हर्ट्झची गुणगुण शिरते. पिन काढली की वेटोळं तुटतं. पण सगळे प्लग एकाच एक्स्टेंशन बोर्डवर घेतले तरी हमिंग बऱ्याच वेळा जातं. नाही गेलं तर सिग्नलच्या वाटेत आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर टाकायचा. डीआय बॉक्सवर (गिटारचा सिग्नल मिक्सरला जोडायची डबी) ‘ग्राउंड लिफ्ट’चं बटण असतं तेही चालतं, कारण ते सिग्नलची जाळी सोडवतं, मेन्सचं अर्थिंग नाही.

आणि मुळात गुणगुण पेडलमुळे येतेय का ते आधी तपासा ना. ॲडॉप्टर काढा, ९ व्होल्टची बॅटरी लावा. आवाज गेला तर दोष ॲडॉप्टरचा. मग पेडलमध्ये सप्लायच्या वाटेवर १०० ओहमचा रेझिस्टर आणि त्यापुढे ग्राउंडला १०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावा. या जोडीची गाळणी १६ हर्ट्झच्या आसपास सुरू होते, म्हणजे ॲडॉप्टरमधून येणारी १०० हर्ट्झची गुणगुण साधारण सहाव्या हिश्शावर येते. खर्च चहाच्या कपापेक्षा कमी. बॅटरीवरही आवाज तसाच असेल तर डबा बघा. प्लास्टिकच्या डब्यात सर्किट घातलं असेल तर ते घरातली सगळी खरखर पकडणारच. धातूचा डबा घ्या आणि तो ग्राउंडला खरोखर जोडला गेलाय का ते मल्टिमीटरच्या बीपवर पाहा. रंग दिलेल्या डब्यात जॅकच्या नटखाली रंग राहतो आणि जोड होतच नाही, हे मी कितीदा तरी पाहिलंय. भाच्याच्या ओव्हरड्राइव्हमध्ये (फझपेक्षा सौम्य फाटका आवाज देणारं पेडल) नेमकं तेच झालं होतं. नटखालचा रंग पॉलिश पेपरने घासला आणि गुणगुण बसली, अर्थिंगची पिन जागेवर असताना.

पेठांमधल्या जुन्या खोल्यांत आणखी एक घोळ असतो. सॉकेटला भोकं तीन, पण वरच्या भोकामागे वायरच नाही, किंवा आहे ती कुठेच पोचत नाही. तिथे पिन शाबूत असूनही अर्थिंग शून्य. हे स्वतः खुडबुड करून बघू नका. वायरमनला बोलवा, घरमालकाच्या मागे लागा, आणि मीटरशेजारी ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट जमिनीकडे गळू लागला की वीज तोडणारा स्विच) बसवून घ्या. काही छोट्या अँपना कंपनीनेच दोन पिना दिलेल्या असतात आणि मागे चौकोनात चौकोन अशी खूण असते. ते दुहेरी इन्सुलेशनचे असतात, त्यांची गोष्ट वेगळी. तीन पिनांचा अँप कधीही दोन पिनांवर चालवायचा नाही.

शिशाच्या धुराबद्दल. नेहमीची ६०/४० सोल्डर १९० अंशांच्या आत वितळते, सोल्डरिंग आयर्नचं टोक ३५० अंशांच्या आसपास असतं, आणि शिसं उकळतं १७४९ अंशांना. ब्रिटनच्या आरोग्य आणि सुरक्षा खात्याच्या शिशाबाबतच्या नियमपुस्तिकेत, वितळलेल्या शिशाचं काम ५०० अंशांच्या खाली असेल तर धुरातला धोका लक्षणीय धरत नाहीत. दिसतो तो धूर सोल्डरमधल्या राळेचा. मात्र तो निरुपद्रवी नाही. राळेच्या धुराने रोज काम करणाऱ्यांना दमा होतो हे तेच खातं सांगतं. खिडकी उघडी ठेवा, छोटा पंखा धूर तोंडापासून दूर जाईल असा लावा. शिसं पोटात जातं ते हातावाटे, म्हणून सोल्डर दातात धरायची नाही, त्या टेबलावर वडापाव आणायचा नाही आणि उठल्यावर साबणाने हात धुवायचे. घरात रांगतं मूल असेल तर सोल्डरचे कण जमिनीवर राहू देऊ नका. ताईला मी हे सगळं सांगितलं. तिची भीती रास्त होती, मेसेजने तिला भलत्याच गोष्टीची भीती घातली.

अँप जळण्याचा मुद्दा निराधार आहे. ९ व्होल्टवरचं साधं फझ किंवा ओव्हरड्राइव्ह त्यापेक्षा मोठा सिग्नल देऊ शकत नाही आणि अँपच्या इनपुटला तेवढ्याने काही होत नाही. जळतं ते पेडल. गिटार पेडलच्या ॲडॉप्टरमध्ये आतली पिन निगेटिव्ह असते, राउटरच्या ॲडॉप्टरमध्ये पॉझिटिव्ह. घरातला राउटरचा ॲडॉप्टर लावून बघितला की आयसी गेलाच. सप्लायवर एक १एन५८१७ डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारा पार्ट) सीरिजमध्ये टाकला की पेडल वाचतं.

जर्मेनियमचं वेड मला समजतं. गिटारचा व्हॉल्यूम खाली घेतला की एसी१२८ या जर्मेनियम ट्रान्झिस्टरवाला फझ जसा स्वच्छ होतो, तो आवाज खरोखर गोड आहे. पण फझ फेसच पुढे काही वर्षांत सिलिकॉनच्या ट्रान्झिस्टरवर गेला, आणि १९६९ चं बिग मफ हे फझ पेडल तर सिलिकॉनवरच उभं आहे. शिवाय जर्मेनियमची गळती, म्हणजे आतून पाझरणारा करंट, तापमानाबरोबर वाढते. एप्रिलमध्ये पत्र्याच्या खोलीत ट्रान्झिस्टरचा बायस (ठरवून दिलेला व्होल्टेज) सरकतो आणि सकाळी छान वाजलेलं पेडल दुपारी थुंकायला लागतं. पहिलं पेडल बीसी१०९ किंवा बीसी५४७ या सिलिकॉन ट्रान्झिस्टरवर करा. बिघडलं तरी हळहळ वाटत नाही.

ज्यांनी हा मेसेज वाचून आधीच पिन काढलीय किंवा हिरवी वायर सोडवलीय त्यांनी आज अँप लावू नका. प्लग सॉकेटमधून पूर्ण बाहेर ठेवून टॉप उघडा, हिरवी वायर मोठ्या पिनेच्या स्क्रूत घट्ट बसवा, आणि मल्टिमीटरचं एक टोक त्या पिनेला, दुसरं अँपच्या मागच्या उघड्या स्क्रूला लावा. बीप आला पाहिजे. पिनच कापली असेल तर टॉप फेकून द्या आणि आयएसआयचा नवा घ्या. आणि ज्या ग्रुपवर तो मेसेज तुम्ही पाठवलात, त्याच ग्रुपवर ‘तिसरी पिन काढू नका’ एवढं आजच्या आज लिहा.