सोलरचं पाणी कोमट आलं की ट्यूबांच्या नावानं शिमगा!

दिवाळीनंतर कोल्हापुरात गारठा पडला की लोकांना गच्चीवरचा सोलर आठवतो. तोवर वर्षभर धूळ, शेवाळ आणि कबुतरांची कृपा. मग 'ट्यूबा गेल्या' म्हणत सगळ्या बदलायचा हिशोब! अहो, आधी ट्यूबचं बूड तरी बघा की. बंद टोकाला चंदेरी चकाकी असेल तर व्हॅक्यूम, म्हणजे काचेच्या दोन थरांमधली उष्णता धरून ठेवणारी निर्वात पोकळी, शाबूत आहे. ती दुधाळ पांढरी झाली असेल तर तेवढीच ट्यूब गेली. एक. दहा नव्हे.

बोअरचं पाणी असेल तर तळाशी क्षाराचा गाळ बसतोच. टाकी रिकामी करा, ट्यूब काढून सायट्रिक अ‍ॅसिडच्या पाण्यात भिजवा, लांब ब्रश फिरवा. परत बसवताना रबरी रिंगला साबणाचं पाणी लावून ट्यूब पिळत पिळत सरकवा. आणि हे भर दुपारी करू नका, राव! उन्हात तापलेल्या रिकाम्या ट्यूबमध्ये गार पाणी सोडलं की काच तडकलीच.

आता खरा चोर. बाथरूममधल्या मिक्सरचे गरम-गार दोन्ही नळ उघडे आणि हँडशॉवर तेवढा टोकाला बंद. मग जास्त दाबाचं गार पाणी मिक्सरमधूनच गरम लाइनीत घुसतं. दोन्ही नळ बंद करा, फुकटची दुरुस्ती! पण नाही. टाकीतली पाणी तापवायची २ किलोवॅटची विजेची कॉइल रात्रभर चालू ठेवणार, आणि बिल आलं की 'सोलर भंगार आहे'.