अंगणवाडीतल्या दिव्यांग नोंदी बंद करा म्हणणाऱ्या मेसेजला माझं उत्तर

गेल्या महिनाभरात एकच मेसेज मला सात-आठ ग्रुपवर आला. पालकांच्या ग्रुपवर आला, बचतगटाच्या आला, नात्यातल्यांच्या ग्रुपवर तर दोनदा आला. त्यात थोडक्यात असं लिहिलंय: अंगणवाडीतल्या लहानग्यांमध्ये दिव्यांगत्व शोधायचं नवं खूळ सरकारने काढलंय. अशी मुलं हजारात एखादंच असतात. मूल उशिरा बोललं तर बिघडत नाही, बापही उशिराच बोलला होता. रजिस्टरं भरण्यात सेविकांना शिकवायला वेळ उरत नाही. एकदा नाव नोंदलं की आयुष्यभराचा शिक्का बसतो. सहा वर्षांच्या आत शिक्षणाचा हक्कच लागू नाही, मग अहवाल कसले मागता? परदेशात शिक्षकांना मोकळं सोडतात. तेव्हा या नोंदी, ही देखरेख, सगळं बंद करा.

मी विशेष शिक्षिका आहे आणि माझं बहुतेक काम सहा वर्षांखालच्या मुलांबरोबर चालतं. मेसेज पुढे ढकलणारे निम्मे लोक माझ्या ओळखीचे आहेत. सेविकांचे हाल त्यांना बघवत नाहीत, हे मला माहीत आहे. पण हा मेसेज वाचून एखादी आई मुलाची तपासणी टाळेल, या भीतीने मी हे लिहायला बसले आहे.

आधी ‘नवं खूळ’. दरवर्षी किमान एकदा सगळ्या मुलांची तपासणी करून धोक्यातली मुलं शोधावीत, हे १९९५च्या अपंग व्यक्ती कायद्यातच लिहिलं होतं. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम २५मध्ये ते कायम राहिलं. अंगणवाडीत वर्षातून दोनदा येणारी आरोग्य पथकाची गाडी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची, आणि तो कार्यक्रम ६ फेब्रुवारी २०१३ला आपल्याच पालघरमधून सुरू झाला. पालघर तेव्हा ठाणे जिल्ह्यात होतं. नवीन आहे ते एवढंच, की २८ नोव्हेंबर २०२३ला केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयाने दिव्यांग मुलांसाठी अंगणवाडीची कार्यपद्धती जाहीर केली. सेविकेने लक्षणं कशी ओळखायची, मुलाला बाकीच्यांत कसं सामावून घ्यायचं, घरच्यांना हाताशी कसं धरायचं आणि आशाताई, नर्सताई, आरोग्य पथक यांच्याकडे कसं पाठवायचं, हे त्यात ओळीने सांगितलंय. आधी हे ज्या त्या ताईच्या समजेवर सोडलेलं होतं.

‘हजारात एखादंच’ हा आकडा कुठून आला, मला कळत नाही. २०११च्या जनगणनेत शून्य ते सहा वयोगटातली २०.४२ लाख मुलं दिव्यांग म्हणून नोंदली गेली. हे प्रमाण १.२४ टक्के, म्हणजे हजारात बारा. आणि ही नोंद कशी होते? दारात आलेला माणूस विचारतो, घरात कुणाला काही अपंगत्व आहे का. दोन वर्षांच्या लेकराबद्दल कुठली आई पटकन हो म्हणेल? २०१८मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात देशातल्या पाच भागांतली मुलं प्रत्यक्ष तपासली होती. त्या पाचांत उत्तर गोवाही होतं. ऐकणं, दिसणं, बोलणं, फिट्स, स्वमग्नता, मतिमंदत्व असे मेंदू आणि मज्जासंस्थेच्या वाढीशी जोडलेले त्रास त्यांनी मोजले. दोन ते सहा वयाच्या मुलांत हे प्रमाण सगळ्यात कमी असलेल्या भागात २.९ टक्के निघालं, सगळ्यात जास्त असलेल्या भागात १८.७. सगळ्यात लहान आकडा धरला तरी पस्तीस मुलांच्या अंगणवाडीत एक मूल असणार. म्हणून एखाद्या पूर्ण तालुक्याच्या अहवालात वर्षानुवर्षं शून्य येत असेल, तर तिथे मुलं धडधाकट आहेत असं धरून चालता येत नाही. कुणीतरी गाडी काढून तिथे जाऊन बघायला हवं. हे बघायला जाणं म्हणजेच देखरेख.

‘बापही उशिरा बोलला होता’ यावर फार लिहीत नाही. काही मुलं उशिरा बोलतात आणि पुढे छान बोलतात. पण उशीर साधा आहे की मुलाला ऐकूच येत नाही, हे घरबसल्या ओळखता येत नाही. कान तपासावे लागतात.

आता सेविकांचा मुद्दा. मेसेजमधला हा सगळ्यात वजनदार मुद्दा, आणि त्यातलं अर्धं मला शंभर टक्के मान्य आहे. एक ताई आणि एक मदतनीस. वजनं, उंची, गरम आहार, घरपोच आहाराचं वाटप, लसीकरणाचा दिवस, गृहभेटी, सर्व्हे, वर पोषण ट्रॅकर नावाचं माहिती भरायचं मोबाइल ॲप. २०२१मध्ये महाराष्ट्रातल्या सेविकांनी सरकारने दिलेले मोबाइल परत केले, कारण ते धड चालत नव्हते आणि ॲप इंग्रजीत होतं. त्यांचा संताप रास्त होता. एकच माहिती तीन ठिकाणी लिहायला लावणं थांबलंच पाहिजे. पण थांबवायचं काय आणि ठेवायचं काय, हे ठरवताना मला एक मुलगा आठवतो.

मागच्या वर्षी मी एका अंगणवाडीत गेले होते. खिचडीची वेळ झाली होती. मदतनीस ताईंनी स्टीलच्या ताटल्या फरशीवर टाकल्या, त्या खणखणल्या तशी सगळी पोरं गर्रकन वळली. एक मुलगा तेवढा भिंतीवरच्या तक्त्यातला हत्ती बोटाने गिरवत बसला होता. शेजारच्या मुलीने सदरा ओढला तेव्हा तो उठला आणि रांगेत येऊन बसला. ती मुलगी हे रोज करत असावी, तिने वळूनही पाहिलं नाही.

मी ताईंना विचारलं. त्या म्हणाल्या, “मॅडम, त्याला ऐकू कमी येतं. मी लिहिलंय की.” त्यांनी रजिस्टर काढलं. निळ्या पेनाने, स्वच्छ अक्षरात लिहिलं होतं, ‘ऐकू कमी’. तारीख वीस महिन्यांपूर्वीची होती. त्यानंतर आरोग्य पथक येऊन गेलं होतं आणि पथकाने जिल्हा रुग्णालयाची चिठ्ठीही दिली होती. आम्ही दोघी त्याच्या घरी गेलो. आईने पत्र्याच्या पेटीतून रेशनकार्डाची पिशवी काढली. त्यात चिठ्ठी होती, चार घड्या घातलेली, जपून ठेवलेली. ती एकदा जाऊन आली होती. पहाटेची एसटी धरून, मजुरी बुडवून. कान तपासणारे त्या दिवशी शिबिराला गेले होते. पुन्हा या, असं तिला सांगितलं. मग सोयाबीनची काढणी आली, मग सासू आजारी पडली.

त्या महिन्याच्या अहवालात काय गेलं, तेही मी पाहिलं. तपासलेली मुलं, पुढे पाठवलेली मुलं, दोन्ही रकाने भरलेले. पोहोचली किती, ऐकण्याचं यंत्र किती जणांना मिळालं, हा रकाना त्या कागदावर नव्हता. बैठकीत काम पूर्ण म्हणून वाचलं गेलं असणार. वीस महिने म्हणजे किती, ते सांगते. बाळाचे कान पहिल्या महिन्यात तपासावेत, दोष असेल तर तिसऱ्या महिन्यापर्यंत निदान व्हावं आणि सहाव्या महिन्यापर्यंत उपाय सुरू व्हावा, असं जगभर मानतात. वेळेआधी जन्मलेल्या बाळाच्या डोळ्याचा पडदा जन्मानंतर ३० दिवसांच्या आत तपासायचा असतो. वाकड्या पायाचं प्लास्टर पहिल्या काही आठवड्यांत सुरू झालं तर बहुतेकदा पाय सरळ होतो. या वयात तारीख चुकली की पुढची सगळी मेहनत दुप्पट होते. ती मेहनत मी रोज करते.

त्या ताईने आपलं काम चोख केलं होतं. तिने ओळखलं, लिहिलं, पाठवलं. तिच्या वरच्या कुणी विचारलं नाही, की त्या ‘ऐकू कमी’चं पुढे काय झालं. मेसेज म्हणतो तसं करून तिचं रजिस्टर बंद केलं असतं, तर तो मुलगा वीस महिन्यांपूर्वी कुणाला कळला होता याचा पुरावासुद्धा उरला नसता.

मुळात दुखणं आणखी एका ठिकाणी आहे. सेविकेचं रजिस्टर महिला व बालविकास विभागाचं. चिठ्ठी आरोग्य विभागाची. दिव्यांग ओळखपत्राचं पोर्टल तिसऱ्याच खात्याचं. मूल सहा वर्षांचं होऊन शाळेत गेलं की त्याची नोंद शिक्षण विभागाच्या यू-डायस या शाळांच्या माहिती-नोंदीत, तीही पुन्हा पहिल्यापासून. चार खाती, चार आकडे, आणि आई मात्र एकच, फायली हातात घेऊन फिरणारी. महाराष्ट्राने डिसेंबर २०२२मध्ये स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभाग केला, त्याचा मला आनंद झाला होता. माझी त्या विभागाकडून पहिली अपेक्षा हीच, की ताईने एकदा लिहावं आणि ती ओळ मुलाबरोबर दवाखान्यात, केंद्रात, शाळेत जावी. तसं झालं तर ताईंचं लिखाणही निम्मं होईल.

शिक्क्याची भीती. ही मी हसण्यावारी नेत नाही. गावात लोक बोलतात, मोठ्या बहिणीच्या स्थळापर्यंत गोष्ट जाते. पण तपासणीतली नोंद आणि दिव्यांगत्वाचा दाखला या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पाच वर्षांखालच्या मुलाला बौद्धिक दिव्यांगत्वाचा कायमचा दाखला देत नाहीत. विकासात विलंब असं निदान लिहितात, दाखला मुदतीचा असतो आणि पुढे पुन्हा तपासणी होते. लिहिण्या-वाचण्यातल्या अडचणीचा दाखला तर आठव्या वर्षाच्या आधी मिळतच नाही. आणि नोंद नसेल तर काय जातं, तेही बघा. जन्मतः बहिऱ्या मुलाच्या कॉक्लियर इम्प्लांटसाठी, म्हणजे कानात शस्त्रक्रियेने बसवायच्या ऐकण्याच्या यंत्रासाठी, केंद्राच्या योजनेतून काही लाखांची मदत आहे, पण ती वय बघून मिळते. स्वमग्न, सेरेब्रल पाल्सीच्या (मेंदूला इजा होऊन हालचालींवर परिणाम झालेल्या) आणि मतिमंद मुलांसाठी ‘निरामय’ विम्यात वर्षाला एक लाखापर्यंतचा खर्च मिळतो. बोलायला उशीर असलेली माझ्याकडची कितीतरी मुलं वर्ष-दीड वर्षात बाकीच्यांच्या बरोबरीला आली आणि आज साध्या शाळेत आहेत. त्यांच्या कपाळावर कसलाही शिक्का नाही.

एक गोष्ट मात्र मेसेजवाल्यांच्या बाजूने सांगायलाच हवी. मुलांच्या नावांच्या याद्या भिंतीवर लावणं, साहित्य वाटपाचे फोटो नावासकट ग्रुपवर टाकणं, हे चालतं आणि ते बंद झालं पाहिजे. नोंद गुप्त ठेवा, अशी मागणी घेऊन कुणी येत असेल तर मी पहिली सही करते.

सहा वर्षांच्या आत हक्कच नाही, हे अर्धं खरं आहे आणि ते मला सगळ्यात जास्त टोचतं. २००९चा शिक्षण हक्क कायदा सहा ते चौदा वयाचा. दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम ३१मधलं मोफत शिक्षण सहा ते अठरा वयाचं. तीन ते सहा वयाच्या मुलांची सोय सरकार ‘करू शकेल’, एवढंच शिक्षण हक्क कायद्याचं कलम ११ म्हणतं. घटनेचं कलम ४५ मात्र २००२च्या दुरुस्तीनंतर सहा वर्षांखालच्या सगळ्या मुलांच्या संगोपनाची आणि शिक्षणाची जबाबदारी राज्यावर टाकतं, आणि तपासणीचं कलम २५ सगळ्याच मुलांना लागू आहे. राज्याच्या दिव्यांग आयुक्तांचा अहवाल विधिमंडळापुढे ठेवावा लागतो. या कायद्याखाली मागितलेली माहिती दिली नाही तर २५ हजारांपर्यंत दंड आहे, आणि देत नाही तोवर रोज हजारापर्यंत वेगळा. ज्या वयात आईला कोर्टात जाऊन शिकवणी मागता येत नाही, त्या वयात तिच्या हातात फक्त हा लिहिलेला कागद असतो. तो काढून घेऊ नका.

आणि परदेश. अमेरिकेत १९७५मध्ये दिव्यांग मुलांच्या शिक्षणाचा कायदा झाला, १९८६मध्ये तो तान्ह्या बाळांपर्यंत आला. तिथे बाळाबद्दल शंका कळवल्यापासून ४५ दिवसांत तपासणी करून घरच्यांबरोबर आराखड्याची बैठक घ्यावी लागते. बाळ तीन वर्षांचं व्हायच्या किमान तीन महिने आधी पुढच्या सोयीची बैठक ठेवतात. तिकडे राहणाऱ्या आपल्या मराठी घरांना ही पत्रं आणि हे फोन चांगले ठाऊक आहेत. प्रत्येक राज्य दरवर्षी आकड्यांसकट अहवाल देतं, तो लोकांसाठी खुला असतो आणि केंद्राचा शिक्षण विभाग राज्यांना चार श्रेणींत बसवतो. ‘मोकळं सोडतात’ ते हे.

तिथेही देखरेख वाकडी जाते. टेक्सास राज्याने २००४पासून विशेष शिक्षणातल्या मुलांसाठी ८.५ टक्के हा मापदंड लावला. त्यापेक्षा जास्त मुलं दाखवणाऱ्या शाळा-जिल्ह्याचे गुण कापायचे. शाळा मुलांना नाकारू लागल्या आणि राज्याचा आकडा देशात सगळ्यात खाली गेला. २०१६मध्ये एका दैनिकाने हे उघड केलं, आणि जानेवारी २०१८मध्ये केंद्राच्या शिक्षण विभागाने टेक्सासने कायदा मोडल्याचा निष्कर्ष दिला. दरवर्षीचे आकडे खुले होते म्हणून ते पत्रकारांना दिसले. आपल्याला यातून घ्यायचं ते हे, की किती मुलं शोधायची याचं टार्गेट ताईंना देऊ नका, वरचंही नको आणि खालचंही. शोधलेल्या मुलाला काय मिळालं आणि किती दिवसांत, ते विचारा, आणि ते साहेबांना विचारा.

ज्यांना हा मेसेज आला आहे त्यांना एक विनंती. तो पुढे पाठवण्याऐवजी जिल्हा शल्यचिकित्सकांच्या कार्यालयात माहिती अधिकाराचा दहा रुपयांचा अर्ज टाका. तीन प्रश्न पुरेत: गेल्या वर्षी आमच्या तालुक्यातून सहा वर्षांखालची किती मुलं पुढे पाठवली, त्यातली शीघ्र हस्तक्षेप केंद्रात (अशा मुलांच्या तपासणी-उपचाराच्या जिल्ह्यातल्या केंद्रात) किती पोहोचली आणि पहिल्या महिन्यात उपचार किती जणांचे सुरू झाले. ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. मी, त्या मुलाची आई आणि त्या अंगणवाडीतल्या ताईंची बहीण, अशा आम्ही तिघींनी गेल्या सोमवारी अर्ज दिला आहे. पोचपावती त्याच रेशनकार्डाच्या पिशवीत ठेवली आहे.