नियमन आणि माणसाविषयीची आपली गृहीतके

माणूस मुळात प्रामाणिक असल्याने सरकारी नियम कमीत कमी असावेत आणि नियमांचा आग्रह धरणारे लोक माणसावर अविश्वास दाखवतात, ही एका लेखातील मांडणी मला अपुरी वाटते. १९९१पूर्वीच्या परवाना पद्धतीमागे उद्योजक लोभी आणि परवाना देणारा अधिकारी मात्र निःस्वार्थी, असे गृहीत होते. आज नियम हटवण्याची मागणी करणारे अनेकजण हेच गृहीतक उलटे करून वापरतात. वस्तुतः दोघेही एकाच मातीचे आहेत.

बिल्डरांच्या गृहप्रकल्पांचे नियमन करणाऱ्या रेरा कायद्याचे उदाहरण घ्यावे. १ मे २०१७ पासून लागू झालेल्या तरतुदीनुसार ग्राहकांकडून मिळालेल्या रकमेपैकी ७० टक्के रक्कम त्या प्रकल्पाच्या स्वतंत्र खात्यात ठेवावी लागते आणि काम किती झाले हे अभियंता, वास्तुविशारद व सनदी लेखापाल यांनी प्रमाणित केल्यावरच त्या प्रमाणात काढता येते. हा नियम बिल्डरला चोर ठरवत नाही. एका इमारतीचे पैसे हाताशी असताना दुसरीकडची जमीन खुणावू लागली, तर भल्या माणसाचाही पाय घसरतो, एवढेच तो ओळखतो. आणि त्याची किंमत घरभाडे व कर्जाचा हप्ता एकाच वेळी भरणारे कुटुंब मोजते.

याउलट कागदपत्रांवर राजपत्रित अधिकाऱ्याच्या सहीऐवजी स्वतःची सही चालू लागली, ते योग्यच झाले, कारण मूळ प्रत शेवटी तपासली जातेच.

मात्र महारेराच्या, म्हणजे रेरा कायद्याखालील महाराष्ट्राच्या नियामक प्राधिकरणाच्या, बिल्डरकडून ग्राहकांचे पैसे वसूल करण्याच्या आदेशांची अंमलबजावणी जिल्हाधिकाऱ्यांमार्फत होते आणि तिथे दिरंगाई झाली तर जाब विचारण्याचे काम नियमनाच्या समर्थकांनीच सर्वांत आधी करायला हवे.