प्रदूषित जमिनीची तपासणी सरकारी पैशाने का करायची

शहरांतल्या बंद कारखान्यांच्या जमिनी पुन्हा बांधकामाला काढण्याआधी तिथली माती काही ठिकाणी सरकारी पैशाने तपासली जाते. त्याविरुद्ध एक मजकूर सध्या सगळीकडे फॉरवर्ड होतोय. घाण कारखानदाराने केली, नफा बिल्डर कमावणार, मग बिल करदात्याने का भरायचं? तपासणी म्हणजे नुसते कागद रंगवणं, वरची माती उचला आणि बांधा. शिवाय तपासणी झाली की जमिनीवर शिक्का बसतो आणि भाव पडतो. वाचताना पटतं, म्हणूनच मुद्दे एकेक करून घेतो.

‘घाण करणाऱ्याने भरावं.’ अगदी मान्य. पण आधी तो सापडायला हवा. एकाच प्लॉटवर पन्नास-साठ वर्षांत दगडी कोळशापासून गॅस काढणारा कारखाना, मग रंगाचं युनिट, मग पेट्रोल पंप असं होऊन गेलेलं असतं. निम्म्या कंपन्या बुडालेल्या. दावा लावायचा तर कोणतं रसायन, किती खोल, कोणाच्या काळातलं हे दाखवावं लागतं आणि तो पुरावा मातीतच असतो. सापडला तरी पैसे लगेच येत नाहीत. अमेरिकेत नायगारा फॉल्स इथल्या लव्ह कॅनालमध्ये हूकर केमिकल कंपनीने सुमारे 21,000 टन रासायनिक कचरा पुरला आणि 1953 मध्ये ती जागा शाळा मंडळाला एका डॉलरला दिली. खरेदीखतात कचऱ्याचा उल्लेख होता, तरीही तिथे शाळा झाली, भोवती घरं झाली. 1978 मध्ये आणीबाणी जाहीर करून कुटुंबं हलवावी लागली. हूकर पुढे ज्या कंपनीकडे गेली, तिने केंद्र सरकारला 129 दशलक्ष डॉलर द्यायचं कबूल केलं ते 1995 मध्ये. मधली सतरा वर्षं लोकांनी कोणाच्या भरवशावर राहायचं होतं?

सरकारी पैसा म्हणजे दोषींना माफी, हा समजही चुकीचा आहे. 2002 च्या अमेरिकी ब्राउनफील्ड (म्हणजे प्रदूषणाचा संशय असलेल्या, आधी वापरलेल्या जमिनी) कायद्यात तपासणीसाठी अनुदान आहे. पण ज्या जागेच्या प्रदूषणाची कायदेशीर जबाबदारी अर्जदारावरच येते, तिथे त्याला ते वापरता येत नाही.

‘बिल्डरने करावी.’ जिथे जमिनीला सोन्याचा भाव आहे तिथे तो करतोच. इतर ठिकाणी, खाली काय आहे हे माहीत नसलेला प्लॉट तो सोडतो आणि शहराबाहेरच्या शेतजमिनीकडे वळतो. गंजलेलं कुंपण आणि कारखान्याचा सांगाडा शेजारच्या वस्तीच्या वाट्याला राहतो. आणखी एक गोष्ट, जी मला सगळ्यात जास्त खटकते: खासगी अहवाल पैसे देणाऱ्याचा असतो. सौदा फिसकटला की तो कपाटात जातो, पुढचा गिऱ्हाईक पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करतो आणि शेजाऱ्यांना कधीच काही कळत नाही.

आता ‘कागद रंगवणं’. पहिला टप्पा खरोखर कागदांचा असतो: जुने नकाशे, परवाने, जुन्या कामगारांशी बोलणं. टाकी कुठे पुरली होती हे पुष्कळदा एखाद्या निवृत्त फोरमनलाच ठाऊक असतं. पण त्या कागदांवरूनच भोकं कुठे पाडायची हे ठरतं. मग ड्रिल उतरतं, नळीतून मातीचा लांब गाभा वर येतो. जुन्या गॅस कारखान्याच्या जागेत त्यात काळं डांबर असतं, डांबरगोळ्यांसारखा वास येतो, मधेच गडद निळा पट्टा दिसतो. तो निळा रंग सायनाइडच्या संयुगांचा. नमुने काचेच्या बाटल्यांत भरून, बर्फात ठेवून प्रयोगशाळेत जातात.

आणि ‘वरची माती उचला’ म्हणणाऱ्यांनी ड्रायक्लीनिंगचं द्रावण आठवावं. ते पाण्यापेक्षा जड असतं. भूजलातूनही खाली उतरतं, चिकणमातीच्या थरावर साचतं आणि तिथून त्याची वाफ वर्षानुवर्षं घरांच्या फरशीखाली येत राहते. वरचा मीटरभर थर उचलून त्याला धक्काही लागत नाही. नेदरलँड्समधल्या लेकरकर्क गावात नवी वसाहत रासायनिक कचऱ्याच्या पिंपांवर उभी राहिली. टोल्युइनसारखी द्रावणं प्लास्टिकच्या पाइपांतून आरपार झिरपून थेट नळाच्या पाण्यात उतरली आणि 1980 मध्ये रहिवाशांना घरं सोडावी लागली.

भाव पडण्याबद्दल थोडक्यात: शिक्का संशयाचाही बसतोच, आणि त्याला मोजमाप नसल्यामुळे खरेदीदार सर्वांत वाईट शक्यता धरून किंमत करतो. अहवालात चार खड्ड्यांपैकी एकात शिसं निघालं, तर निदान तेवढ्याचा खर्च काढता येतो.

नुसता कायदा करून भागेल, असंही कोणी म्हणेल. इंग्लंडमध्ये प्रदूषित जमिनी शोधून काढणं 2000 पासून स्थानिक परिषदांवर बंधनकारक आहे. त्यासाठीचं केंद्राचं अनुदान गेल्या दशकात बंद झालं, बंधन मात्र तसंच राहिलं. आता प्रत्येक भोकासाठी परिषदेला स्वतःच्याच आटलेल्या तिजोरीत हात घालावा लागतो.

मजकुरातला बिल्डरच्या नफ्याचा मुद्दा मी बिनशर्त मान्य करतो. तपासणीनंतर जमीन विकली गेली आणि भरघोस नफा झाला, तर तपासणीचा खर्च विकासकाकडून वसूल करावा आणि तो पुढच्या प्लॉटसाठी वापरावा. तशी अट अनुदानाच्या करारातच लिहिता येते. अहवाल मात्र पहिल्या दिवसापासून सगळ्यांना वाचायला खुला हवा.