बुगडीसाठी टोचलेला कान

गेल्या वर्षी पाडव्याला गिरगावच्या शोभायात्रेला गेले होते. नऊवारी, नथ, गॉगल, सगळं यथासांग. कानाच्या वरच्या कडेला बुगडी होती, पण ती रानडे रोडवर दीडशे रुपयांना घेतलेली, चापाची. ठाकुरद्वारच्या नाक्यापर्यंत दोनदा पडली, तिसऱ्यांदा पडली ती कुणाच्या तरी कोल्हापुरीखाली गेली. आजीची खरी, मोत्यांची बुगडी लॉकरमध्ये पडून आणि मी हे टिनपाट शोधत रस्त्यावर वाकलेली. तिथेच ठरवलं, कान टोचून घ्यायचा.

पुढच्याच शनिवारी मॉलमधल्या एका स्टॉलवर गेले. प्लॅस्टिकची बंदूक, एक खटका, साडेतीनशे रुपये. ‘रोज दोनदा स्पिरिट लावा आणि खडा गोल फिरवत राहा, नाहीतर चिकटेल,’ एवढी सूचना. लहानपणी पाळी टोचली तेव्हाही आईने तारेचं कडं फिरवलंच होतं, त्यामुळे मला त्यात काही वावगं वाटलं नाही.

आता जे सांगते ते त्या स्टॉलवर कुणी सांगितलं असतं तर ही पोस्ट लिहावीच लागली नसती. कानाची पाळी म्हणजे मांस आणि चरबी, तिथे रक्त भरपूर. सहा ते आठ आठवड्यांत भरून येते. वरचा कान कूर्चेचा, म्हणजे कार्टिलेजचा. कूर्चेला स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात, वरचं पातळ आवरण तिला जे पुरवेल त्यावर तिचं भागतं. त्यामुळे भरून यायला सहा महिने ते वर्ष लागतं, आणि एकदा जंतू शिरले की त्यांच्याशी लढणाऱ्या पेशीही तिथे उशिरा पोचतात, औषधही उशिरा पोचतं. एकाच कानावर चार-पाच सेंटिमीटरच्या अंतरात दोन वेगळे मामले आहेत, आणि आपण दोन्हींना ‘कान टोचणं’ म्हणतो.

तीन आठवडे बरे गेले म्हणायचे. म्हणजे दुखत होतं, पण मुलुंड ते परळ लेडीज डब्यात उभं राहून जाणाऱ्या बाईचं काही ना काही दुखतच असतं. कुर्ल्याला चढणाऱ्या गर्दीत कुणाची तरी बॅग रोज नेमकी त्याच कानाला लागायची. एकदा ओढणीचा धागा खड्यात अडकला आणि ओढणीची मालकीण दादरला उतरायच्या घाईत. तो क्षण मी वर्णन करणार नाही.

मग फुगवटा आला. खड्याच्या मागे लालसर, मटारएवढा. घरात उपचारांचा बाजारच भरला. आईची हळद आणि खोबरेल तेल, मावशीचं कडुलिंबाचं पाणी, ऑफिसमधल्या मैत्रिणीची टूथपेस्ट (हो, टूथपेस्ट). मी सगळं केलं. वर स्पिरिट चालूच, फिरवणंही चालूच. रोज नव्याने येणारी खपली मीच रोज तोडत होते आणि जखम का भरत नाही म्हणून जखमेवरच चिडत होते. त्यात मे महिना. घाम म्हणून रविवारी पोहायला गेले.

मंगळवारी रात्री कान तापला. आरशात पाहिलं तर वरचा अर्धा कान सुजून गुळगुळीत झालेला, त्याच्या घड्याच दिसेनात. पाळी मात्र जशीच्या तशी. तरी मी चार दिवस डॉक्टरकडे गेले नाही. या चार दिवसांबद्दल मला खरं बोलायचंय. गेले नाही कारण लाज वाटत होती. ‘या वयात कशाला ही थेरं’ हे आई एकदाच म्हणाली होती, पण माझ्या डोक्यात ते सतत वाजत होतं. पाय मुरगळला असता तर दुसऱ्या दिवशी गेले असते. हौसेपायी झालेल्या जखमेला बाई दवाखान्यात नेत नाही, सहन करते, जणू ती शिक्षाच आहे.

कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी लांबूनच पाहून विचारलं, ‘पाळी दुखते का?’ नाही म्हटल्यावर मान हलवली. पेरिकॉन्ड्रायटिस. कूर्चेच्या आवरणाचा दाह. पाळीत कूर्चा नसते म्हणून ती वाचते, आणि तीच ओळखीची खूण. यामागे बहुतेक वेळा स्यूडोमोनास नावाचा जंतू असतो. त्याला ओल आवडते. मेडिकलवाल्याकडून नेहमीचं अँटिबायोटिक आणून खाल्लं तर तो बधत नाही, त्याला मारणारं वेगळं लागतं. आणखी थांबले असते तर आत पू साठून कूर्चा मरते आणि कान कायमचा चुरगळतो, पैलवानांचे असतात तसा. डॉक्टरांनी खडा काढला. मागची फिरकी कातडीत अर्धी रुतली होती. बंदुकीचे खडे ठराविक लांबीचे, सूज आली तर जागाच नसते. हौसेला मोल नसतं म्हणतात, माझ्या हौसेचं बिल तपासणी आणि औषधं धरून पाच आकडी झालं.

नंतर मी वाचत सुटले. 2000 साली अमेरिकेत ओरेगॉनमध्ये एकाच स्टॉलवर वरचा कान टोचलेल्या सात जणांना हाच जंतू लागला होता, आणि तो सापडला कुठे, तर जंतुनाशकाच्याच स्प्रेच्या बाटलीत. बंदुकीने कूर्चा फुटते असं बरेचजण लिहितात, त्यावर जाणकारांचंही एकमत नाही, म्हणून तो मुद्दा मी सोडते. पण प्लॅस्टिकची बंदूक दाबाच्या वाफेत निर्जंतुक करता येत नाही, ती वितळेल. एवढं कारण मला पुरे आहे. वरच्या कानाला बंदूक लावूच नये, हे माझं मत आहे आणि त्यावर मी भांडायला तयार आहे.

आई म्हणते, ‘म्हणूनच म्हणतात, सोनारानेच कान टोचावेत.’ म्हणीचा अर्थ वेगळा आहे, पण शब्दशः घेतलं तरी तिचं अर्धं बरोबर आहे. सोन्याची टोकदार बारीक तार, ॲलर्जी देणारं निकेल नाही, खटका नाही. ती तार सोनारकाका कशाने पुसायचे हे मात्र विचारू नका.

डॉक्टर म्हणाले होते, सहा-सात महिने कानाला हात लावू नका. आठ थांबले. फुगवटा हळूहळू बसला. तो केलॉइड, म्हणजे व्रणाची वाढत जाणारी गाठ, नव्हता; केलॉइड जखमेच्या हद्दीबाहेर वाढत जातो आणि आपोआप जात नाही. आपल्यासारख्या सावळ्या कातडीत तो जास्त होतो, घरात कुणाला असेल तर टोचण्याआधी दहादा विचार करा. मग जानेवारीत परत टोचला. होय, परत. या वेळी पोकळ सुईने, माझ्यासमोर पाकीट फोडून, टायटॅनियमची सपाट पाठीची काडी, मुद्दाम लांब ठेवलेली. टोचणाऱ्या मुलीने अर्धा तास फक्त सूचना दिल्या. सलाईनशिवाय (निर्जंतुक मिठाचं पाणी) काही लावायचं नाही. फिरवायचं नाही. त्या कुशीवर झोपायचं नाही. सूज उतरली की काडी आखूड करायला यायचं.

सगळ्यात अवघड झोपण्याचं निघालं. शेवटी प्रवासातली गोल उशी घेतली, तिच्या भोकात कान ठेवून झोपते. नवरा म्हणतो, कमोडवर डोकं ठेवल्यासारखी दिसतेस. पावसाळ्यात टॉवेल वाळत नाहीत म्हणून कान टिश्यूने टिपते. फोन डाव्या कानाला. डब्यात उजवी बाजू भिंतीकडे.

आता नववा महिना आहे. पाऊस लांबला की अजून कधीतरी ठणकतो. मागच्या आठवड्यात आजीची बुगडी घेऊन सोनाराकडे गेले, तर तिचा मळसूत्राचा दांडा माझ्या भोकाच्या जवळजवळ दुप्पट जाड निघाला. सोनार म्हणाले, ‘भोक थोडं मोठं करून देऊ का, ताई? दोन मिनिटांचं काम.’

दांडा बारीक करायला टाकलाय. दिवाळीपर्यंत देतो म्हणालेत.